रविवारची दोनशे काडतुसं

निमकरकाका डास मारत नाहीत. भिंतीवरच्या डासावर ते काचेचा पेला उपडा धरतात, खालून पोस्टकार्ड सरकवतात आणि मागच्या दारी नेऊन सोडतात. वर "जा बाबा, तुझं तू बघ" असा निरोपही देतात. आणि हाच माणूस दर रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलाशी, बायको आणि मुलीला शेजारी बसवून, रायफलीची दोनशे काडतुसं भरायचा.

तुम्हाला वाटेल मी थापा मारतेय. पण देवाशप्पथ, मी डोळ्यांनी पाहिलंय. ब्याऐंशी साली लग्न होऊन मी नागपूरहून थेट व्हर्जिनियातल्या हर्नडनला आले आणि चौथ्याच दिवशी विरजण मागायला शेजारच्या घरात गेले. टेबलावर जुनी चादर अंथरलेली, तिच्यावर लाकडी पाटात बोटाएवढ्या पिवळ्याधमक नळ्यांच्या रांगा. कुमुदकाकू सोनाराकडे असतो तसल्या पिटुकल्या तराजूत काळसर भुकटी तोलत होत्या. मला वाटलं, परदेशात येऊन यांनी फराळाचा काहीतरी नवा प्रकार काढलाय. "अगबाई, काय करताय?" म्हणत मी एक नळी उचलायला गेले.

"हात!" काका असे ओरडले की मी हात पाठीमागेच लपवला.

"काडतुसं आहेत," ते मग शांतपणे म्हणाले. "वापरलेल्या केसेस, म्हणजे या रिकाम्या नळ्या, आम्ही घरी पुन्हा भरतो. घाबरू नका, बसा. फक्त हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका."

मी विरजण न घेताच घरी पळाले आणि सुधीरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला म्हटलं, "आत्ताच्या आत्ता घर बदलायचं." घर काही बदललं नाही. उलट पुढच्या रविवारपासून मीच निमकरांच्या सोफ्यावर ठाण मांडून बसायला लागले, कारण खरं सांगू का, हर्नडनमध्ये रविवारी दुपारी एवढी करमणूक दुसरीकडे कुठेच नव्हती.

या वेडाची सुरुवात बंदुकीने झालीच नाही. काका पुलांची डिझाइनं करणारे इंजिनियर. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने त्यांना हौसेने नेमबाजीच्या रेंजवर नेलं. तिथे काकांचं लक्ष गेलं जमिनीकडे. पायाखाली रिकाम्या पितळी केसेसचा सडा पडलेला! "अगं, पितळ!" हे सांगताना आजही त्यांचा आवाज चिरकतो. "चांगलं जाडजूड पितळ, आणि माणसं त्याच्यावर पाय देऊन चालतात!" त्यांनी गाडीतून आइस्क्रीमचा रिकामा डबा आणला आणि खाली वाकून वेचायला सुरुवात केली. चार दांडगे गोरे बंदुका खाली ठेवून थांबले. थोड्या वेळाने बिचारे तेही वेचायला लागले.

आता एवढं पितळ घरी आणल्यावर त्याचं काहीतरी करायला नको? मग ग्रंथालयातून पुस्तकं आली, केसेस दाबायचं हँडलवालं यंत्र आलं, तराजू आला आणि सगळ्यात शेवटी, नाइलाजाने म्हणावी तशी, रायफल आली.

आईच्या सोवळ्याला जन्मभर हसलेल्या या माणसाचं स्वतःचं सोवळं बघायला हवं होतं. काडतुसांचे कपडे वेगळे. त्या टेबलाशी खाणंपिणं बंद. उठलं की कोपरापर्यंत साबणाने हात, कारण गोळीत शिसं असतं. देव जेवणघराच्या कोनाड्यात, तर रविवारी बंदुकीच्या दारूजवळ निरांजन लावायचं नाही, दिवा वर बेडरूममध्ये. "देवाला चालतं," काका म्हणायचे, "दारूला चालत नाही." माझ्या आजेसासूबाईंचं सोवळं परवडलं.

मळक्या केसेस चकचकीत करायला गॅरेजमध्ये एक थरथरणारं यंत्र होतं. त्यात अक्रोडाच्या कवचाचा चुरा घालायचा, केसेस टाकायच्या आणि दोन तास चालू ठेवायचं. एका गणपतीच्या आधी काकूंनी त्यात ताजा चुरा भरून गुपचूप पळी, निरांजन आणि घंटी टाकली. अहो, काय उजळली भांडी! चिंच नको, राख नको. बातमी फुटली आणि दुसऱ्या वर्षी हर्नडनमधल्या यच्चयावत मराठी बायका आपापली देवाची भांडी घेऊन निमकरांच्या गॅरेजपुढे उभ्या. काका आधी चिडले, मग खुलले. त्यांनी दुसरं यंत्र आणलं आणि त्यावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी डकवली, "फक्त देवांसाठी."

एकदा काकूंचा हात दुखावला म्हणून मला तराजूवर बसवलं. मी आयुष्यात मीठसुद्धा मोजून घातलेलं नाही. दहाव्या मिनिटाला काकांनी विचारलं, "बरोबर आहे का?" मी म्हटलं, "जवळजवळ."

काकांनी माझ्यासमोरचा तराजू उचलून पलीकडे ठेवला. "जवळजवळ म्हणजे चूक," ते म्हणाले. "तू सोफ्यावर बस."

इतकी जिवापाड मेहनत करून नेमबाजी कशी होती म्हणाल, तर दिव्य! मी एकदा रेंजवर गेले होते. काकांनी कानात बोळे घातले, त्यावर कानटोपी चढवली, त्यावर काकूंचा स्कार्फ बांधला आणि चाप ओढताना दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले. समोरच्या कागदाला काही झालं नाही. शेजारच्या माणसाच्या कागदाला एक जादा भोक पडलं. मग त्यांची मुलगी रेणू पुढे झाली आणि तिने पाचही गोळ्या बशीएवढ्या जागेत बसवल्या. "बघितलंस?" काका अभिमानाने मला म्हणाले. "काडतूस न् काडतूस एकसारखं आहे. नेम हा माझा विषय नाही, माझं खातं उत्पादन."

ही रेणू हर्नडनमध्येच वाढलेली. मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत. त्यातही सोमवार ते शनिवार काकांच्या वाट्याला तीनच शब्द. शाळा कशी झाली? "फाइन." जेवलीस का? "येस." कुठे चाललीस? "आउट." काकांना पुढे काय विचारावं हे कधी सुचायचं नाही. ते नुसतं "बरं, बरं" म्हणून वर्तमानपत्र उघडायचे. मला त्या दोघांकडे बघून जीव थोडा थोडा व्हायचा.

पण रविवारी टेबलाशी बसली की ही पोरगी सुटायची! काका हँडल ओढणार, काकू दारू तोलणार, रेणू शेवटी गोळी बसवून लांबी मोजणार. हात कामात, नजर खाली, कुणी कुणाकडे बघायचं नाही. मग तिच्या तोंडून शाळा, मैत्रिणी, भांडणं, सगळं बाहेर यायचं. फक्त काकूंनी तोलायला घेतलं की, श्वासानेही तराजूचा काटा हलू नये म्हणून, काका "काटा!" म्हणायचे आणि बोलणं जागच्या जागी थांबायचं. "अँड देन केविन लुक्स ॲट मी अँड ही सेज..." "काटा!" सगळे गप्प. काका हँडल धरून तसेच थिजलेले. माप झालं रे झालं की तेच पहिले विचारायचे, "मग काय म्हणाला तो?"

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात रेणूला कॅलिफोर्नियातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. सांता क्लारा. काकांनी पेढे वाटले, नकाशा आणून अंतर मोजलं आणि पुन्हा दोनदा मोजलं. ऑगस्टमधल्या एका सोमवारी सकाळचं विमान होतं. आदल्या दिवशी रविवार. चार वाजता मैत्रिणींनी तिच्यासाठी पार्टी ठेवली होती. ती एकदा त्या पार्टीला गेली की काकांच्या वाट्याला उरणार होता फक्त विमानतळाचा रस्ता आणि तेच तीन शब्द. हे मला कळत होतं, काकूंना कळत होतं.

मी चकल्यांचा डबा द्यायला गेले तेव्हा पाट भरत आला होता. पावणेतीनला रेणूने दोनशेवं काडतूस ठेवलं आणि उठायला खुर्ची मागे सरकवली.

"थांबा," काका म्हणाले. ते तराजूवर वाकले होते. "काटा शून्यावर नाही."

काकूंनी मान वर केली. "अहो, सुरुवातीला तुम्हीच बघितला होतात ना?"

"मध्ये केव्हातरी हलला असेल. आता कुठलं माप चुकलं ते कसं सांगणार? सगळी उघडायला लागतील."

दोनशे! उघडणं म्हणजे हातोडीसारखं एक हत्यार असतं, त्यात एकेक काडतूस अडकवून लाकडी ठोकळ्यावर ठोकायचं, की गोळी आणि दारू सुटी होते. चार तासांचं काम. रेणूने घड्याळाकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. मला वाटलं आता वाजणार इथे. पण ती उठली, फोनपाशी गेली आणि मैत्रिणीला म्हणाली, "आय कान्ट मेक इट. फॅमिली थिंग." परत येऊन तिने बाह्या वर केल्या.

मग काय ती दुपार, काय सांगू! ठकाठक ठकाठक. तोलायचं नव्हतं, त्यामुळे "काटा!" नाही, बोलण्याला अडसरच नाही. रेणूने कॉलेजच्या खोलीत तिची जी पार्टनर होणार होती तिची पत्रं ऐकवली. काकूंनी आपण माहेरपणानंतर मिरजेहून सासरी निघताना टांग्यातून खाली उडी मारली होती ते सांगितलं, जे काकांनाही माहीत नव्हतं. काका स्वतःच्या हॉस्टेलच्या दिवसांबद्दल बोलायला लागले, पहिल्या महिन्यात ते रोज न्हाणीघरात जाऊन रडायचे म्हणून. रेणू ठोकायची थांबली. "बाबा, यू?" तिने विचारलं. काका "हो, हो" म्हणाले आणि जोरजोरात ठोकायला लागले.

मलाही केसेस गोळा करायला बसवलं होतं. सात वाजत आले, शेवटची आठदहा उरली. तराजू अगदी माझ्या कोपराशी आला होता, म्हणून मी सहज बघितलं. पारडं रिकामं, आणि काटा शून्यावर. केसभरही इकडेतिकडे नाही. माझं डोकंच सणकलं. पोरीची पार्टी बुडवली! "काका, हा काटा तर..." मी तोंड उघडलं आणि टेबलाखाली रेणूने माझ्या पायावर पाय दिला. चांगलाच जोरात दिला.

"ताई, डोन्ट," ती माझ्या कानाशी म्हणाली. "आय नो. आय सॉ इट राइट देन."

मी बसल्या जागी विरघळले. डोळे भरून आले, आणि त्या हातांनी डोळे पुसायचीही सोय नाही. समोर काका शेवटचं काडतूस हत्यारात अडकवून बसले होते. ठोकत मात्र नव्हते. नुसतं फिरवून फिरवून बघत होते.

रेणूने त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्या आठवणीत पहिल्यांदाच तिने अख्खं वाक्य मराठीत उच्चारलं, अडखळत, शब्द शोधत.

"बाबा, मागच्या रविवारी पण काटा चुकला असेल. ते पण उघडायचे का?"

काका उठले आणि गॅरेजमध्ये गेले. मागच्या रविवारचे डबे दारातल्याच फळीवर होते, पण ते आणायला त्यांना बराच वेळ लागला.