शेवटचा पाहुणा उठेपर्यंत

न विचारता पाहुणा ओळखावा तर मीच, असं मी गेल्या सणापर्यंत मानत होते.

आमच्या प्वेब्लोत, म्हणजे अमेरिकेतल्या आमच्या मूळनिवासी गावात, संताच्या सणाला घरांची दारं उघडी असतात. येईल त्याला बसवायचं आणि वाढायचं. तू कोण, कुठला, कशाला आलास, हे विचारायचं नाही. पाहुण्यानंही वाढलेलं नाकारू नये, जेवून आभार मानावेत आणि मागच्यासाठी खुर्ची रिकामी करावी. इतकं सरळ आहे सगळं.

माझे स्वतःचेही काही नेम आहेत. सूर्य उगवायच्या आत मक्याच्या पिठाची चिमूट हातात घेऊन प्रार्थना, मग जपमाळ. आणि सणाच्या दिवशी शेवटचा पाहुणा उठेपर्यंत तोंडात घास घालायचा नाही. माझे यजमान युसेबियो होते तेव्हा हा नेम कठीण होता. ते दारात उभे राहून चौकभर हाका मारायचे, पंगतीवर पंगत उठायची आणि मला जेवायला दिवेलागण व्हायची. ते गेल्यापासून नेम फार सोपा झालाय. मागच्या वर्षी तर मी दुपारीच जेवले.

त्याला कारण माझा आवाज. तो उंबरठ्यापर्यंत जातो आणि तिथूनच परत फिरतो. शेजारी माझी नणंद डेल्फिना. तिनं हाक मारली की ढोलवाल्याचा ठेका चुकतो. चौकातून निघालेला पाहुणा माझ्या दारावरून थेट तिच्या घरात जातो.

पण यंदाची गोष्ट वेगळी होती. डेन्व्हरहून इसिद्रोचा, माझ्या लेकाचा, फोन आला. "आई, यंदा नक्की येतोय. ग्रेचेनलाही आणतोय."

लग्न झाल्यापासून सूनबाईनं माझं घर पाहिलं नव्हतं.

"तिचे वडील दुसऱ्या गाडीनं येताहेत, ते आधी पोचतील," तो म्हणाला. "उंच आहेत, हॅट घालतात, फारसे बोलत नाहीत. त्यांना नीट सांभाळ. त्यांना आवडलं ना, तर ग्रेचेन दरवर्षी येईल."

दरवर्षी! मी तीन भट्ट्या पाव भाजला. लाल मिरचीचा रस्सा केला, मक्याच्या दाण्यांचं पोसोले केलं, आलुबुखाराचं सारण भरून चौकोनी पोळ्या केल्या. डेल्फिना डोकावून म्हणाली, "वहिनी, सैन्य येणार आहे की काय?"

"व्याही येताहेत, वन्सं."

"मग मिरची जरा बेतानं. व्याही जिवंत परत पाठवायचाय."

नाच सुरू झाला आणि मी दारात उभी राहिले. आता एक अडचण होती. सणाच्या दिवशी आमच्या गावात येणारा प्रत्येक गोरा माणूस उंच असतो, हॅट घालतो आणि फारसं बोलत नाही. वेशीवरची पाटी वाचून ते बिचारे असे येतात, जणू शिंक आली तरी परवानगी मागावी लागेल. फोटो काढायचा नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, नाचाचा अर्थ विचारायचा नाही. आमची प्रार्थना असते ती, टाळ्या कशाला?

ढोल थांबला. गर्दी डेल्फिनाच्या हाकेमागे वळली. एकच माणूस माझ्या दारासमोर, हॅट छातीशी धरून, रिकाम्या झालेल्या चौकाकडे बघत उभा राहिला. हा नुसता पाहुणा नव्हता. कुणाची तरी वाट बघणारा होता.

"आत या," मी म्हणाले. "जेवायला बसा."

त्यानं माझा आवाज ऐकला, यातच मला सगळं कळलं. व्याहीच!

त्याला चुलीजवळच्या चांगल्या खुर्चीत बसवलं. शेजारच्या खुर्चीवर माझी शाल टाकली, सूनबाईसाठी. त्यानं पहिली वाटी संपवली, मी दुसरी वाढली. दुसरी संपवली, तिसरी वाढली. पाटीवर लिहिलंय, नाकारायचं नाही. माझ्या घरी शिरस्ता आहे, वाटी रिकामी ठेवायची नाही. चौथ्या वाटीला त्याचं नाक टोमॅटोसारखं झालं आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"तिखट लागलं?"

"नाही," तो म्हणाला. मग शालीकडे बघून हळूच म्हणाला, "तिची आठवण आली. तिला इथं यायचं होतं."

किती हळवा बाप! माझंही काळीज हललं. मी म्हणाले, "मग रडता कशाला? ती येतेय."

त्याच्या हातातला चमचा थांबला. "येतेय?"

"वाटेत आहे. ही खुर्ची तिच्यासाठीच राखलीय."

तो शालीकडे बघत राहिला. काहीतरी विचारायला त्यानं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. "मग मी... थांबू?"

"थांबायलाच हवं."

तो थांबला. पाठ ताठ करून, हात मांडीवर ठेवून, देवळात बसावं तसा.

मधल्या वेळात चार जण आले, जेवले, आभार मानून गेले. एक जाड बाई शालीच्या खुर्चीवर बसायला लागली, तेव्हा माझ्याआधी तोच म्हणाला, "तिथं कुणीतरी येणार आहे." बाई भिंतीशी उभ्यानं जेवली.

डेल्फिना पुन्हा डोकावली. "वहिनी, व्याही अजून खाताहेत?"

"लेकीची वाट बघताहेत."

"त्यांचं ठीक आहे. तुझं तोंड बघ, पिठासारखं पांढरं पडलंय. खा काहीतरी."

"शेवटचा पाहुणा उठू दे."

"हा उठेल असं वाटत नाही मला. मुळं फुटलीत त्याला."

चौकातला शेवटचा नाच सुरू झाला. ढोलाचे ठोके भिंतीतून आत येत होते, आणि दर ठोक्याला माझं पोट उत्तर देत होतं. आम्ही दोघं दाराकडे बघत बसलो. पावलं वाजली की दोघांच्या माना एकदम वर, पावलं पुढं गेली की एकदम खाली. खरं सांगते, त्या घरात माझ्याबरोबर दाराकडे बघणारं दुसरं कुणी असल्याला बरीच वर्षं झाली होती.

तेवढ्यात फोन वाजला.

"आई, रागावू नकोस. ग्रेचेनच्या वडिलांची कंबर धरलीय. आम्ही निघालोच नाही. पुढच्या वर्षी नक्की."

"कंबर? अरे, ते तर इथं माझ्यासमोर ताठ बसलेत."

"कोण?"

मी वळून पाहिलं. कोण, ते मला कसं ठाऊक असणार? सणाच्या दिवशी विचारतं का कुणी!

फोन ठेवला. इसिद्रो येत नाही, हे मला दर वर्षीच पचवावं लागतं. पण ह्या माणसाला काय सांगू? मी जवळ जाऊन म्हणाले, "माफ करा. ती येत नाहीये. मी तुम्हाला माझ्या सुनेचे वडील समजले."

"मला मुलगी नाही," तो म्हणाला. "माझी बायको. ती वसंतात गेली. ह्या नाचाला यायचं आमचं किती वर्षांपासून ठरत होतं."

माझ्या हातातला डाव रश्शात पडला. "अहो, मग मी ती वाटेत आहे म्हणाले, तेव्हा विचारायचं नाहीत का?"

"पाटीवर लिहिलंय, तुमच्या श्रद्धेबद्दल प्रश्न विचारू नयेत." त्यानं हॅट उचलली. "आणि तुम्ही इतक्या खात्रीनं सांगितलंत. दुपार चांगली गेली माझी."

तो उठायला लागला. शेवटचा पाहुणा उठत होता. घर आता पुढच्या सणापर्यंत रिकामं होणार होतं. पण पोटाला तेवढी लाज नसते. त्यानं खुर्ची सोडली न सोडली, तोच पावाचा भलामोठा तुकडा माझ्या तोंडात गेला होता.

तो तसाच अर्धवट वाकलेला थांबला. "तुम्ही जेवला नव्हतात?"

तोंड भरलेलं. मी मान हलवली.

"आमच्याकडे बाईमाणसाला एकटीला जेवत सोडून उठत नाहीत," तो म्हणाला आणि पुन्हा खाली बसला.

मी शाल उचलून त्या खुर्चीत बसले. त्यानं मला वाढलं. वाटी रिकामी होऊ दिली नाही.

तो गेल्यावर डेल्फिनानं विचारलं, "नाव काय त्याचं?" ते मी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पिठाची चिमूट हातात घेऊन मी संताला सगळं सांगितलं. पाहुणा उठल्यावरच घास घेतला, हेही सांगितलं. किती उठला होता, ते संतानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.