पाल्य योगेंद्र

"आपला पाल्य योगेंद्र अंकज्ञानात मागे आहे. कृपया त्याला रागावू नका. रोज थोडा वेळ त्याच्याजवळ बसा."

हा मेसेज माईंच्या मोबाइलवर आला तेव्हा पाल्य योगेंद्र पोह्यांवर दुसऱ्यांदा सेव घालून घेत होता. पाल्याचं वय चव्वेचाळीस होतं. देवासच्या एका कारखान्यात तो मेंटेनन्स मॅनेजर होता आणि समाजाच्या प्राथमिक शाळेच्या संगणक समितीचा प्रमुखही होता. माईंनी चष्मा सारखा करून मेसेज मोठ्यानं वाचला. मग पुन्हा एकदा वाचला, कारण सूनबाई स्वयंपाकघरात होती आणि तिला नीट ऐकू गेलं नसावं असं त्यांना वाटलं.

"योगू, हे काय रे?"

"काही नाही माई. सॉफ्टवेअरचं टेस्टिंग चालू आहे. असेच मेसेज येतात."

"सगळ्यांना येतात?"

"हो."

"मग तुमचे अध्यक्ष तात्यासाहेबही मागे आहेत का, विचार बरं."

योगेंद्रनं विचारलं नाही. त्यानं गुमान पोहे संपवले आणि स्कूटर काढली.

आता इथं आमच्या समाजाबद्दल थोडं खरं बोललं पाहिजे. आम्ही देवासची मराठी माणसं घरात मराठी बोलतो, भांडतो मराठीत, आरतीही खड्या मराठीत म्हणतो. पण आकडा आला की आमची गाडी हिंदीच्या रुळावर जाते. भाजीचा भाव हिंदीत, फोन नंबर हिंदीत, ब्लडप्रेशरसुद्धा हिंदीत. शाळा सगळ्यांची हिंदीतून झाली, त्याला कोण काय करणार? फक्त ही गोष्ट कोणी कोणाजवळ कबूल करत नाही. कुणी एकोणसाठ म्हटलं, की आम्ही समजल्यासारखी मान डोलावतो आणि घरी सगळे बरे आहेत ना, असं विचारतो.

शाळेत नवे संगणक आले आणि मुलांसाठी सॉफ्टवेअर निवडायची वेळ आली, तेव्हा सभेत योगेंद्र उठून उभा राहिला होता. विकायला आलेल्या विपुलकडे दोन प्रकार होते. एक हिंदी बोलणारा आणि एक मराठी बोलणारा. मराठीत टिटवीताई नावाचा पक्षी पडद्यावर येऊन मुलांना पाढे आणि गणितं शिकवायचा.

"आपली मुलं हिंदीत मोजतात!" योगेंद्र टेबलावर हात आपटून म्हणाला. "हिंदीत! ज्याला आपल्या भाषेत शंभरपर्यंत मोजता येत नाही, त्यानं स्वतःला मराठी म्हणवून घेऊ नये. आपल्याजवळ पच्चीस कम्प्यूटर आहेत. पच्चीसच्या पच्चीसवर मराठी चालली पाहिजे!"

टाळ्या पडल्या. पच्चीस कुणालाच खटकलं नाही.

विपुल बदनावर गावचा, मोठा सज्जन माणूस. त्यानं योगेंद्रला बाजूला घेतलं. "भिया, हिंदीवाला ले लो. बच्चे भी खुश, आप भी खुश. ये टिटवी थोड़ी सख़्त है. आवाज़ तक पहचानती है. जो रोज़ बोले उसी को बच्चा मानती है, दूसरा बोले तो टोक देती है."

"सख्तच पाहिजे," योगेंद्र म्हणाला.

अध्यक्ष तात्यासाहेबांनी तोडगा काढला. "आधी समितीनं स्वतः वापरून बघावं. मग पालकसभेत सगळ्यांसमोर चालवून दाखवू. पालक हात वर करतील ते घेऊ." म्हणून विपुलनं समितीच्या सगळ्यांची नावं त्यात घातली. पण टिटवीताईला फक्त दोनच प्रकारची माणसं माहीत होती: पाल्य आणि पालक. पालकाचा नंबर वेगळा हवा होता. योगेंद्रनं माईंचा दिला. माई मोबाइलवर भजनं सोडून काही बघत नाहीत, अशी त्याची समजूत होती.

पहिल्याच दिवशी त्यानं घरी टॅब्लेट उघडला. पडद्यावर आकड्यांचे फुगे उडत होते.

"योगेंद्र, एकोणसाठवर बोट ठेव," टिटवीताई गोड आवाजात म्हणाली.

योगेंद्रनं आत्मविश्वासानं ६९ फोडला. मग ४९ फोडला. मग डोळे मिटून एक फोडला, तो ७ निघाला.

"घाई नाही, योगेंद्र. पुन्हा ऐक."

"नेटवर्कची दिक्कत आहे," असं खोलीत कुणी नसताना मोठ्यानं सांगून त्यानं टॅब्लेट कपाटावर ठेवून दिला. त्याला पुन्हा हात लावला नाही.

माईंच्या मोबाइलवर मेसेज मात्र येतच राहिले. योगेंद्र अजून मागे आहे. योगेंद्र आज आला नाही. योगेंद्रला घरी काही त्रास आहे का? माई ते दोन-दोनदा वाचत. योगेंद्र रोज म्हणे, "बसतो आज, नक्की." आणि कारखान्यातून येऊन क्रिकेट लावून बसे.

मग एके दिवशी वारं फिरलं. "योगेंद्रनं पहिलीचा अभ्यास पूर्ण केला. त्याचं कौतुक करा." माईंनी कौतुक केलं, शिरा केला. पाठोपाठ दुसरी झाली. तिसरी झाली. पुढे तात्यासाहेबांचाच फोन आला. "योगेंद्रराव, कमाल केलीत! अख्ख्या समितीत तुम्ही पहिले! आम्ही आपले पहिलीतच."

आता सरळ माणूस असता तर त्यानं विचार केला असता की मी टॅब्लेटला हात लावलेला नाही, तर मग तिसरी पास कोण झालं? पण योगेंद्र इंजिनियर होता. त्यानं बायकोला, सुनेत्राला, समजावून सांगितलं, "ही नवी टेक्नॉलॉजी आहे. माणसाची क्षमता एकदाच जोखते. पहिल्या दिवशी तिचा गैरसमज झाला होता, नंतर तिनं डेटा बघून करेक्ट केलं."

"टॅब्लेट रोज संध्याकाळी डिस्चार्ज सापडतो, तो कशानं?" सुनेत्रानं विचारलं.

"बॅटरी जुनी झाली."

सुनेत्रा हसली आणि पोळ्या लाटायला लागली.

त्याला घाम फुटला तो तात्यासाहेबांचा पुढचा फोन आल्यावर. "पालकसभेत तुम्हीच चालवून दाखवा. तुमच्यासारखा दुसरा कोण आहे? अर्ध्या लोकांना हिंदीवालाच पाहिजे. तुम्ही फटाफट उत्तरं दिलीत की त्यांची तोंडं बंद होतील."

योगेंद्रला आपलं भाषण शब्दन् शब्द आठवलं. टेबलावर आपटलेला हातही आठवला. सभेत सगळ्यांसमोर फुगा चुकला, तर टिटवी जाणारच होती आणि बरोबर त्याचं नाकही जाणार होतं. त्यानं स्वयंपाकघरात जाऊन हळूच विचारलं, "सुनेत्रा, उनसठला मराठीत काय म्हणतात ग?"

"मला नका विचारू. मी साठला एक कमी म्हणते."

माईंना विचारलं असतं तर त्यांनी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पण माईंना विचारायचं म्हणजे कबूल करायचं, आणि तिसरी पास झालेल्या माणसानं ते कसं करावं? मग त्यानं कारखान्यात बॉयलरमागे उभं राहून आकडे पाठ करायला घेतले. सभेच्या दिवसापर्यंत तो तीसवर पोहोचला.

शाळेचा हॉल भरला होता. माई ठेवणीतली इरकल नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. विपुलनं भिंतीवर पडदा लावला, योगेंद्रच्या हातात माइक दिला आणि कानात म्हणाला, "भिया, आराम से." टिटवीताई पंख फडफडवत आली.

"नमस्कार, योगेंद्र! तू चौथीही पार केलीस. आज आपण पाचवीची तोंडी गणितं करू या."

योगेंद्रची तीसपर्यंतची शिदोरी तिथंच संपली.

"पावणेदोनशेतून एकोणसाठ गेले. किती उरले?"

योगेंद्रनं समोर पाहिलं. तात्यासाहेब पंख्याकडे बघत होते. खजिनदार बुटाची नाडी बांधत होते, आणि त्यांनी चपला घातल्या होत्या. मराठीसाठी टाळ्या वाजवणारा एकूण एक हात आता आपापल्या मांडीवर होता.

"नेटवर्कची जरा..." योगेंद्र माइकमध्ये म्हणाला.

"हा आवाज ओळखीचा नाही," टिटवीताई म्हणाली. "दुसऱ्या कुणी बोलू नये. योगेंद्रला बोलू द्या."

"मीच योगेंद्र आहे!"

"दुसऱ्या कुणी बोलू नये. योगेंद्र, घाबरू नकोस. तू बोल."

मागून कुणीतरी खुदकन हसलं. योगेंद्र पडद्यावरच्या पक्ष्याला हात जोडून म्हणाला, "अहो ताई, देवाशपथ मी योगेंद्र!" आता सगळा हॉल हसायला लागला. त्याचे कान लाल झाले. जमीन पोटात घेईल तर बरं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

पहिल्या रांगेत माईंची चुळबुळ चालली होती. पदर तोंडावर धरून झाला, रुमाल पिळून झाला. शेवटी पोटच्या पोराची ती अवस्था त्यांना बघवेना.

"एकशे सोळा, मेल्या! एकशे सोळा!"

पडद्यावर फुलं पडू लागली. "शाब्बास, योगेंद्र! आता तुझा आवाज छान आला."

हसण्याचा असा गडगडाट झाला की बाहेरचा समोसेवाला आत डोकावून गेला. योगेंद्र माइक धरूनच माईंकडे वळला.

"माई, तू?"

"मग काय करणार?" माई उभ्या राहून सगळ्या हॉलला सांगू लागल्या. "रोज मेसेज, मागे आहे, मागे आहे! धारला आमच्या माहेरी पावकी, निमकीचे पाढे म्हटल्याशिवाय पानावर बसू देत नव्हते, आणि माझं पोर पहिलीत नापास? दुपारी सगळे बाहेर गेले की बसायचे मी. हा शाळेत असताना मातीचा किल्ला कोणी केला होता? मीच! तक्ते कोणी रंगवले होते? मीच! आजवर ह्यानं गृहपाठ केला कधी, म्हणून आता करेल?"

योगेंद्रला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर फार सुटल्यासारखंही वाटलं. तो माइक तोंडाशी धरून म्हणाला, "मला एकोणसाठ येत नाही. भाषण केलं होतं ते माफ करा. ज्यांना येतं त्यांनी हात वर करावा."

माईंचा हात वर गेला. बराच वेळ तो एकटाच वर होता.

तात्यासाहेब घसा साफ करत उठले. "मंडळी, आता मराठी घ्यायची की हिंदी, हे विचारायची गरज उरली नाही. आपलीच ही गत असेल तर पोरांना कोण शिकवणार? टिटवी घ्या. आणि शाळा सुटल्यावर संध्याकाळी..." त्यांनी पुन्हा पंख्याकडे बघून घेतलं. "संध्याकाळी पालकांसाठीही कम्प्यूटर चालू ठेवा. पच्चीसच्या पच्चीस."

"पंचवीस," माई म्हणाल्या.

टिटवीताई शाळेत आली. मुलं दिवाळीच्या आतच धडाधड मराठीत मोजायला लागली, इतकी की भाजीवाल्याची पंचाईत झाली. संध्याकाळच्या वर्गाला समितीतले सगळे जाऊ लागले. फक्त कुठे चाललात, असं विचारलं तर टेकडीवर फिरायला, असं सांगत.

योगेंद्रला मात्र माईंनी वर्गाला जाऊ दिलं नाही. "घरी माझ्यासमोर बस," म्हणाल्या. तोही मुकाट्यानं बसू लागला. रोज सकाळी पोहे होईपर्यंत टॅब्लेट मांडीवर घेऊन, बोट ठेवून, मोठ्यानं आकडे म्हणू लागला. अडला की माई सांगत. असं करत-करत अठ्ठावन्नपर्यंत आला, आणि पुढचा आकडा आता आपल्याला येतो ह्या आनंदानं त्यानं मोठा श्वास घेतला. तेवढ्यात माईंच्या मोबाइलवर मेसेज आला.

माईंनी चष्मा सारखा केला आणि मोठ्यानं वाचला. "आपल्या पाल्याची प्रगती उत्तम आहे. मात्र अभ्यासाच्या वेळी एक अनोळखी पुरुष मध्येमध्ये चुकीची उत्तरं देतो. कृपया त्याला दूर बसवा."

सुनेत्राला नीट ऐकू गेलं नसेल म्हणून त्यांनी तो पुन्हा एकदा वाचला. मग टॅब्लेट आपल्याकडे ओढून घेतला.

"योगू, ऐकलंस ना? पोह्यांची बशी घे आणि जरा तिकडे बस."