दिवाळसणाचा सुरा

गोपाळकृष्ण शेवड्यांनी एके दिवशी सकाळी मऊभात खाता खाता जाहीर केलं, "जावयाच्या पहिल्या दिवाळसणाची वस्तू मी आणणार. निवडणारही मीच."

कुसुमताईंनी मेतकुटाची बरणी खाली ठेवली. पस्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी चार वेळा ऐकलं होतं. पहिल्या वेळी घरात असा मिक्सर आला, की तो लावला की रिक्षा आली समजून माणसं दार उघडायची. दुसऱ्या वेळी रेनकोट आला. त्यात पाणी आत यायचं, पण बाहेर जायचं नाही. तिसऱ्या वेळी आलेला सोफा दारातून आत गेलाच नाही. तो अजून पडवीत आहे, मांजर वापरतं. (चौथ्या वस्तूबद्दल त्या घरात बोलत नाहीत.)

पण या वेळी मामला निराळा होता. शेवड्यांची एकुलती एक भार्गवी नोकरीसाठी अमेरिकेत गेली आणि तिथे तिने ऋत्विक शोधला. मुलगा आपल्याच जिल्ह्यातला, पालीच्या आतल्या बाजूच्या गावातल्या शेतकऱ्याघरचा, हुशार, निर्व्यसनी. नाव ठेवायला जागा नाही. पण "ते लोक खातात." काय खातात ते गोपाळकृष्णांच्या तोंडून उच्चारलंही जात नसे. सरकारी ऑफिसात हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला हा माणूस अंड्याच्या दुकानासमोरून जायचं झालं तर रस्ता ओलांडी. त्यांनी लेकीशी आठ महिने अबोला धरला. शेवटी फेब्रुवारीत लग्न झालं, वऱ्हाडाला तीन पक्वान्नं वाढली, पण जावयाशी मात्र ते सरळ दोन शब्द बोलले नाहीत.

आणि तो पोरगा दर रविवारी फोन करून विचारायचा, "बाबा, गुडघा कसा आहे?" प्रत्येक वेळी गोपाळकृष्णांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. चुकलं आपलं, हे त्यांना कळत होतं. तोंडाने म्हणवत नव्हतं. तेव्हा जावयाच्या मनातली वस्तू आपण स्वतः निवडून हातात ठेवायची, म्हणजे न बोलता त्याला समजेल, असा त्यांचा हिशेब होता. कुसुमने निवडली तर ती कुसुमने दिल्यासारखी झाली असती.

पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांनी थेट विचारलं, "ऋत्विकराव, दिवाळसणाला काय हवं? संकोच करू नका."

"काही नको बाबा. तुम्ही बोललात, पुष्कळ झालं."

(हे चांगलंच लागलं.) "तसं नाही. बोला, काय ते."

ऋत्विकने उजवीकडे कॅमेऱ्याबाहेर बघितलं. तिकडे काहीतरी कुजबुज झाली. मग घसा साफ करून तो म्हणाला, "मग शिकारीचा एक चांगला सुरा द्या. हरीण मारलं की ते रानात जागच्या जागी साफ करावं लागतं ना, त्यासाठी. परवाना वगैरे सगळं असतं इकडे. सुरेही मिळतात, पण मशीनचे. आपल्या लोहाराने हाताने घडवलेला असला तर मजा येईल. आणि मूठ जरा बारीक हवी."

फोन बंद झाल्यावर गोपाळकृष्णांनी मोबाइल पालथा घातला. कुसुमताईंना एकाएकी खोकला आला, म्हणून त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या.

"अंगठी देऊ या का?" त्यांनी आतून विचारलं.

"सुरा मागितलान, सुरा मिळेल," गोपाळकृष्ण म्हणाले. आवाज जरा चिरका आला, पण निर्धार होता.

बत्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस काम कसं सुरू करणार? त्यांनी फाइल उघडली. वर लिहिलं, "विषय : शिकारीच्या सुऱ्याची निवड करणेबाबत." मग मोबाइलवर व्हिडिओ बघायला बसले. लाल दाढीवाला एक धिप्पाड गोरा बर्फात गुडघ्यावर बसून हरणाचं पोट उघडी आणि मधे मधे हसून टिपा देई. गोपाळकृष्ण टिपा ऐकताना डोळे मिटत आणि लिहिताना उघडत. कधी हा क्रम चुके, मग ते उठून ग्लासभर कोकम सरबत पिऊन येत. कुसुमताईंनी नियमच केला, की व्हिडिओ बघितला की आंघोळ केल्याशिवाय देवघरात पाय ठेवायचा नाही. त्या पंधरवड्यात शेवड्यांच्या आंघोळी गाजल्या.

पण माणूस शिकला, हे मान्य करायला हवं. घडीचा सुरा नको, कारण सांध्यात रक्त जाऊन बसतं आणि कुजतं. पातं चार बोटांचं पुरे, कारण लांब पात्याने आतडं फुटलं तर सगळं मांस नासतं. टोक वर उचललेलं नको, किंचित खाली उतरतं हवं. पात्याचं लोखंड मुठीच्या टोकापर्यंत एकसंध हवं, नाहीतर हाडाशी जोर लावला की मूठ हातात आणि पातं हरणात. मूठ ओली झाली तरी निसटता नये. (कशाने ओली, ती जागा फाइलीत कोरी आहे.)

बाजारात हे काही मिळेना. कोणी नारळाचा कोयता दाखवला, कोणी आंब्याची सुरी. एकाने मुठीत होकायंत्र बसवलेला सुरा काढला. "रानात चुकलात तर उपयोगी पडेल," तो म्हणाला. गोपाळकृष्ण म्हणाले, मी रानात पाऊलच टाकत नाही, आणि एसटीत बसून पालीला शिवा लोहाराकडे गेले.

शिवा भात्याजवळ बसला होता. त्याने फाइलीतला कागद उलटसुलट बघितला आणि परत दिला.

"तोंडानं सांगा. काय कापायचाय?"

गोपाळकृष्णांनी मागेपुढे बघितलं. "हरीण," ते हळूच म्हणाले.

शिवाने त्यांच्या कपाळावरच्या गंधाकडे बघितलं, मग पायातल्या चपलांकडे. "तुमी?"

"मी नाही. जावई. अमेरिकेत."

"मंग बरा." शिवाला हायसं वाटलं. "हात केवडा हाय त्यांचा?"

हा मुद्दा फाइलीत नव्हता. मोबाइलवर लग्नाचा फोटो काढून दोघांनी ऋत्विकचा हात शोधला. कन्यादानाच्या फोटोत तो भार्गवीच्या हाताखाली झाकलेला होता. "मूठ बारीक हवी म्हणालाय," गोपाळकृष्णांनी सांगितलं. शिवा म्हणाला, "गडी तर दांडगा दिसतोय. आसंल, येकेकाचा हात नाजूक आसतो." आणि त्याने ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा भट्टीत घातला. पुढचे आठ दिवस गोपाळकृष्ण रोज पालीला जात, मूठ धरून बघत आणि "अजून केसभर" म्हणत. नवव्या दिवशी शिवाने सुरा त्यांच्या हातावर ठेवला आणि सांगितलं, "आता परत आलात तर मी गाव सोडीन."

सुरा मात्र देखणा झाला होता. शिसवी मूठ, चार बोटं पातं, धार अशी की धरलेला कागद आपणहून दोन व्हावा. आयुष्यात पहिल्यांदा आपण काहीतरी अचूक आणलं, असं गोपाळकृष्णांना वाटलं आणि डोळे भरून आले. पण पारखल्याशिवाय द्यायचा कसा? व्हिडिओतला गोरा म्हणाला होता, नव्या सुऱ्याने आधी एक जनावर स्वतः साफ करून बघा.

शेवड्यांकडे नवमीला कोहळा कापायचा कुळाचार. कोहळ्याला पहिली सुरी बाईने लावायची नाही, घरच्या पुरुषाने लावायची. गोपाळकृष्णांनी खंडेनवमीला सुऱ्याला हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला, आणि आठ किलोचा कोहळा घेऊन मागल्या अंगणात केळीखाली गुडघ्यावर बसले. फाइल समोर उघडी ठेवली आणि ऑफिसच्या सवयीने मोठ्याने वाचत एकेक कलम पार पाडू लागले.

"जनावर पाठीवर उताणं करावं. केलं. पोटावर वरच्या वर चीर द्यावी, दोन बोटं आत घालून कातडं उचलून धरावं. धरलं. आता हळूच आतडी सोडवावी, फुटता कामा नयेत. शाबास. काळीज राखून ठेवावं, ते चवीला उत्तम."

दगडी गडग्यापलीकडे शेजारच्या ज्ञानेश्वरीवहिनी फुलं काढत होत्या. केळीमुळे त्यांना फक्त शेवडेभाऊजींची पाठ आणि वर-खाली होणारा सुरा दिसला. त्या परडी तिथेच टाकून घरात गेल्या. संध्याकाळपर्यंत आळीत सगळ्यांना ठाऊक झालं, की शेवड्यांनी रानातलं भेकर मारलंय, तेही नवमीला.

दसऱ्याच्या सकाळी वनखात्याचा एक तरुण गार्ड दारात उभा राहिला.

"तुमच्याकडे वन्यप्राण्याचं मांस असल्याची खबर आहे, काका."

गोपाळकृष्ण लगबगीने आत गेले. पुरावा म्हणून त्यांनी फाइल आणून पुढे केली. त्यात स्वच्छ अक्षरात हरीण कसं सोलावं हे चौदा कलमांत लिहिलेलं होतं, खाली सही आणि तारीख. गार्डने ती वाचली आणि त्याचा चेहरा गंभीर झाला.

"जनावर कुठाय?"

"त्याच्या वड्या केल्या," गोपाळकृष्ण खरं ते बोलले.

कुसुमताई मधे पडल्या नसत्या तर दिवाळी कुठे झाली असती कोण जाणे. त्यांनी डबा आणून गार्डपुढे ठेवला. त्याने एक वडी हुंगली, मोडून बघितली, तोंडात टाकली. मग आणखी खात्री करायला पाच टाकल्या. सुरा हातात घेऊन फिरवून बघितला आणि जाताना विचारलं, "काका, हा केला कुणी? वस्तू नंबरी आहे."

दिवाळीला लेक-जावई अमेरिकेहून आले. नरकचतुर्दशीला पहाटेची अभ्यंगस्नानं झाली, फराळ झाला. ऋत्विक नवा झब्बा घालून पाटावर बसला, शेजारी भार्गवी. सुरा हातोहात देऊ नये, भांडणं होतात, म्हणून कुसुमताईंनी तो तबकात ठेवला आणि वर सुपारी. गोपाळकृष्ण तबक घेऊन उभे राहिले. न बोलता समजेल असं त्यांनी ठरवलं होतं खरं, पण जावयाचा चेहरा बघून त्यांना राहवलं नाही.

"ऋत्विकराव, मी तुमच्याशी वाईट वागलो. तुमच्या खाण्यावरून पोरीशी आठ महिने बोललो नाही. चुकलं माझं. तुम्ही हरीण खा, डुक्कर खा, तुम्ही आमचे आहात. हा सुरा मी स्वतः निवडलाय."

ऋत्विकच्या डोळ्यांत पाणी आलं. तो उठून पायाच पडला. मग मान खाली घालूनच म्हणाला, "बाबा, आता खोटं नाही बोलवत. सुरा माझ्यासाठी नाही."

"मग कोणासाठी?"

तोवर भार्गवीने तबकातला सुरा उचलला होता. तिने अंगठ्याने धार आडवी चाचपली, मूठ तळहातावर तोलली, टोकाकडून एक डोळा मिटून बघितलं. मूठ तिच्या हातात अशी बसली, जशी काही मापानेच केलेली.

"बाबा, लोखंड मुठीत पूर्ण गेलंय?"

"टोकापर्यंत," गोपाळकृष्ण सवयीने म्हणाले, आणि मग त्यांना काय झालं ते कळलं. ते सावकाश झोपाळ्यावर बसले. "तू?"

"ऑफिसातल्या मैत्रिणी नेतात. दोन सीझन झाले. तीन हरणं." भार्गवीने सुरा पुन्हा न्याहाळला. "बाबा, टोक किती नेमकं उतरवलंय. मला दुकानात असा मिळाला नव्हता."

"आतडं फुटू नये म्हणून," गोपाळकृष्णांच्या तोंडून निघून गेलं. शरमही वाटत होती आणि छातीही फुगत होती. दोन्ही एकदम कसं करायचं हे त्यांना जमेना. त्यांनी जावयाकडे बघितलं. "आणि तुम्ही काय करता रानात?"

"मी चहाचा थर्मास धरतो," ऋत्विक म्हणाला. "पहिल्या वेळी तिने पोट फाडलंन आणि मी तिथेच आडवा झालो. हरीण राहिलं बाजूला, आधी मला उचलून गाडीत घातलंन. मी बाबा फार तर बांगडा खातो, तोही आईने काटे काढून दिला तर."

गोपाळकृष्णांनी बायकोकडे बघितलं. कुसुमताई तबकातली सुपारी सारखी करत होत्या.

"तुला ठाऊक होतं?"

"पहिलं हरीण मारलंन त्याच दिवशी फोन केलान मला. तुम्हालाही सांगितलं असतंन, पण तुम्ही तेव्हा बोलत कुठे होतात?"

गोपाळकृष्णांनी चकलीचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला. तो चावता चावता त्यांच्या लक्षात आलं, की सुरा लेकीकडे गेला म्हणजे जावयाचा दिवाळसण अजून व्हायचाच आहे. त्यांच्यातला हेडक्लार्क जागा झाला.

"ऋत्विकराव, मग तुम्हाला काय हवं? आता खरं सांगा. मी आजच बाजारात जातो."

ऋत्विक लाजला. "एक विळी द्या, बाबा. नारळ खवायची असते ती. घरी स्वयंपाक मीच करतो ना, आणि तिकडे विळी मिळत नाही." त्याने जरा थांबून आदराने पुढे सांगितलं, "फक्त ती आईंना निवडू द्या. तुम्हाला शिकारीतलं कळतं, भाजीपाल्यातलं काय कळणार?"