लांब बाजूचा मान

घरात शेवटचा शब्द कोणाचा, हे वयावरून नव्हे, जेवणाच्या टेबलावरून ठरतं. शाळेत हे शिकवत नाहीत. थोरल्या बाईंनी दुसरीतच शाळा सोडली, ते एका अर्थी बरंच झालं.

मुलाने सुताराकडे तिकोनी टेबल करायला दिलं. माणसं तीन, बाजू तीन, तिन्ही सारख्या, मानापमान संपले. (मानापमान संपवायला निघालेली माणसं सहसा धाकटी असतात.) बाईंनी सुताराला बाजूला घेतलं.

"माझी बाजू सगळ्यांत लांब हवी. मोठा कोपराही माझ्याकडेच. पातेलं तिथे राहतं."

"मोठा कोपरा लांब बाजूच्या समोर येतो, बाई. तो त्या दोघांच्या मधे जाणार."

"हे कोणी ठरवलं? सुनेने?"

"कोणीच नाही. तसंच होतं ते."

"मग आणखी लांब कर. कोपरा कुठे जातो बघते."

मुलाच्या आणि सुनेच्या बाजूंना मात्र हात लावू दिला नाही. बाई अन्याय करणाऱ्यांतल्या नव्हत्या.

सुताराने बाजू वाढवली. समोरचा कोपरा उघडला आणि बाईंच्या दिशेने थोडा सरकला. बाई खूश. पुन्हा वाढवली. कोपरा आणखी फाकला, आणखी जवळ आला. शरण येणाऱ्याने असंच यावं, सावकाश आणि मान खाली घालून. टेबल अरुंद होत चाललं होतं, पण दरारा वाढताना एवढं तेवढं चालायचंच. (आधी वाट्या जमिनीवर गेल्या, मग पातेलं. जेवताना आता घरात "जरा सरका" याखेरीज बोलणं उरलं नव्हतं. शांतता हे शिस्तीचं लक्षण मानतात.)

शेवटी बाईंची बाजू त्या दोघांच्या बाजूंच्या बेरजेएवढी झाली. कोपरा थेट बाईंच्या पुढ्यात येऊन सपाट पडला. विजय पूर्ण होता. टेबल तेवढं राहिलं नाही; भिंतीला टेकवलेली एक पट्टी उरली, तिच्यावर चमचासुद्धा आडवा राहीना.

"आई, आम्ही आत बसतो हं," सून म्हणाली. आतून दोघांच्या हसण्याचा आवाज येत राहिला. बाई मांडीवर ताट घेऊन ताठ बसून राहिल्या. एवढी लांब बाजू त्या घराण्यात आजवर कोणाला मिळाली नव्हती.

वाचकांना बाईंचं हसू येईल. अवश्य हसावं. विशेषतः ज्यांच्या मांडीवर या क्षणी ताट आहे, हातात हे पान आहे आणि समोर कोणीच नाही, त्यांनी तर अगदी मोठ्याने हसावं. ऐकायला कोण आहे?