चोऱ्या कशानं थांबल्या?

बाळारामकाकांचं डोकं दुखायला लागलं की ते एकतर गोळी घेतात, नाहीतर झोपतात. दोन्ही एकदम कधीच करत नाहीत. "दोनी केलं नि डोकं थांबलं, तर कशानं थांबलं ते कसं कळनार?" असं कपाळ दाबत दाबत समोरच्यालाच विचारतात. यमुनाकाकूंनी एकदा त्यांना खोकल्यावर काढा दिला आणि वर छातीला बामही चोळला. खोकला गेला, पण काका आठवडाभर काकूंवर रुसून होते.

नारपोलीत माझ्या शेजारी राहणारा हा माणूस चाळीस वर्षं लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करत होता. धागा तुटायला लागला की बाकीचे मिस्त्री चार नट एकदम पिळायचे. काका एकच पिळायचे, लूम चालू करायचे आणि कान देऊन ऐकत बसायचे. "एका टायमाला एकच नट!" असं म्हणायचे. कारखान्याचे शेट चडफडायचे, पण काकांचा हात लागलेला लूम सहसा पुन्हा बिघडत नसे. हातातलं काम सुटलं तेव्हा त्यांनी आम्हाला धरलं. सोसायटीनं गटारावर झाकणं टाकली आणि त्याच आठवड्यात धूरफवारणीही केली, तर सेक्रेटरी म्हणून मला जाब विचारला, "आता डास कशानं गेलं, सांग." अहो, गेले ना! पण हे उत्तर काकांना चालत नाही.

त्यांचा मुलगा नरेश. पंधरा वर्षांपूर्वी, एकोणीस वर्षांचा असताना, वाईट संगतीनं एका कारखान्यातलं सुताचं पोतं उचलताना सापडला. काकांनी स्वतः त्याला मनगटाला धरून पोलिसांकडे नेलं आणि तिथे त्याला फटके बसले. पुन्हा त्यानं कशाला हात लावला नाही. आज अंजूरच्या गोदामांवर त्याचा स्वतःचा टेम्पो चालतो. पोलिसी खाक्यानं पोरगा सरळ झाला, असं सगळी गल्ली मानते. पण नरेश बायकापोरांना घेऊन कोन गावात राहायला गेला. सणाला येतो, आईशी गप्पा मारतो आणि बापाला 'हां', 'न्हाय', 'बघू' एवढ्यावरच भागवतो. त्या फटक्यांनी आपला मुलगा राखला की गमावला, हे काकांना कळत नव्हतं. सगळ्या जगाला प्रश्न विचारणाऱ्या या माणसाची तेवढं विचारायची छाती होत नव्हती.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतून मोटरसायकली चोरीला जायला लागल्या. पोलिसांनी कोपऱ्यावर चौकी टाकली, गस्त सुरू केली आणि काही महिन्यांत चोऱ्या थांबल्या. आम्ही चौकीच्या पोलीस साहेबांचा सत्कार ठेवला. शाल, नारळ आणि माझं भाषण. खुर्च्या नरेशच्या टेम्पोतून आल्या होत्या, म्हणून तोही मागे उभा होता.

'केवळ साहेबांमुळे' असं मी म्हणालो मात्र, काका उठले.

"साहेब, मान हाय तुमचा. पन मागच्या गल्लीत चौकी न्हाय, तिथंपन चोऱ्या थांबल्या. त्याच टायमाला नवं दिवं लागलं, गेट बसलं, बाजूचा कारखाना बंद पडून बाहेरच्यांची येजा थांबली. मंग कशानं थांबल्या?"

"चच्चा, गाडी बच गयी, बस ना!" मागून कुणीतरी ओरडलं.

साहेब भला माणूस. म्हणाले, "खरं सांगू काका? मलाही पक्कं माहीत नाही. मग काय करू, चौकी काढू?"

"काढू नका. चार महिनं मागच्या गल्लीत न्या. इकडं काय होतं ते बघू."

इकडं माझी नवी मोटरसायकल उभी असते! माझं डोकंच फिरलं. "काका, घरचंच उदाहरण बघा की," मी माइकवरून म्हणालो, "पोलिसांचे फटके बसले आणि नरेश सरळ झाला. झाला की नाही?"

मी काय बोलून बसलो ते माझं मलाच कळलं आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"त्याचं मना सांगता येत न्हाय," काका हळू आवाजात म्हणाले. "तवा मी दोन नट एकदम फिरवलं. त्याला फटकं खायला नेलं. नि दुसऱ्या सकाळी माझी हत्यारांची पिशवी त्याच्या खांद्यावर दिली. ज्या शेटचं सूत त्यानं उचललं, त्याच्याच कारखान्यात नेलं नि सगळ्यांदेखत बोललो, आजपासून माझं सामान हा सांभाळनार. एक करून वाट बघायचा धीर न्हाय जाला. पोटचा पोर होता."

नरेश खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आला.

"फटक्यानं न्हाय," तो म्हणाला. "फटकं खाल्ल्यावर मी घर सोडूनच जानार होतो. पिशवी दिलीत म्हनून थांबलो. बाबा, लूम बोलत न्हाय, म्हनून तुमाला नट फिरवून बघायला लागतं. मी तर बोलतो ना? मना एकदा इचारायचं."

"नि त्या फटक्यांचं?" काकांनी विचारलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

"ते अजून दुखतंय."

काकांचा चेहरा आक्रसला. मग चारचौघांत, साहेबांसमोर, ते म्हणाले, "चुकलं माझं, पोरा. तुला तिथं न्यायला नको होतं."

मी रडलो. सांगायला लाज कसली? साहेबांनीही मान खाली घातली होती. चौकीचं पुढच्या महिन्यात, मागच्या गल्लीतल्या लोकांनाही विचारून ठरवू, असं म्हणून ते गेले.

कार्यक्रम संपल्यावर नरेश खुर्च्या टेम्पोत चढवत होता. काका शेजारी उभे राहून एकेक खुर्ची त्याच्या हातात देत होते. शेवटची खुर्ची देताना त्यांनी ती सोडलीच नाही.

"जेवून जाशील?"

"जेवतो," नरेश म्हणाला. "आईला भात जास्त टाकायला सांगा. पोरांनापन बोलवून घेतो."