वरच्यात काय जास्त हाय?

डोमाजी भाऊजींच्या हातात चहाचा कप दिला, की ते आधी कपात बघत आणि मग माझ्याकडे. "वैनी, हा साधा का वरचा?"

साधा म्हणजे नुसता चहा. वरचा म्हणजे आलं-वेलची घातलेला. मी 'वरचा' म्हटलं की दुसरा प्रश्न तयारच असायचा. "वरच्यात काय जास्त हाय?" मग आलं ओलं की सुंठ, वेलची सालासकट की नुसते दाणे, हे सगळं समजून घेईपर्यंत चहावर साय धरायची. ती बोटानं बाजूला करत ते म्हणायचे, "साधाच बरा होता."

जगातली प्रत्येक वस्तू दोन प्रकारची असते, एक साधी आणि एक वरची, असा त्यांचा पक्का समज. आणि त्या दोनांतली कोणती घ्यावी हे त्यांना जन्मात कधी ठरवता आलं नाही. एका उन्हाळ्यात ते सीताबर्डीवर छत्री घ्यायला गेले. लाकडी दांड्याची साधी आणि बटण दाबलं की उघडणारी वरची. रोज संध्याकाळी जाऊन दोन्ही छत्र्या उघडून बघायचे. दुकानदार त्यांना लांबून बघूनच आत जायला लागला. शेवटी छत्री आली ती दसऱ्याला. तोवर पावसाळा डोक्यावरून गेला होता.

रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा तिथल्या बाईंनी विचारलं, खोली साधी देऊ की स्पेशल. झालं. स्पेशलमध्ये काय जास्त हाय? बाई म्हणाल्या, भिंतीवर चित्र आहे. भाऊजी म्हणाले, "डोळ्यावर तर पट्टी राहीन ना, बाई."

सक्करदऱ्याच्या तलावाकडून येणाऱ्या आमच्या गल्लीत ते आमचे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. सावनेरकडच्या कोळशाच्या खाणीत त्यांनी सर्व्हेचं काम केलं. जमिनीखाली उतरायचं, मोजमाप घ्यायचं, नकाशावर मांडायचं. रिटायर झाले तरी खिशात टेप आणि कानावर पेन्सिल कायम. शाईवर त्यांचा विश्वास नव्हता. शाईनं लिहिलेलं माणसाला बदलता येत नाही, म्हणायचे. वाण्याची यादीसुद्धा पेन्सिलीनं.

त्यांच्या बायकोचं नाव पार्बताबाई. बारीक चणीची, हसरी बाई. त्यांना दमा होता. धुळीचा कण नाकात गेला की रात्ररात्र बसून काढायच्या. निलगिरीच्या तेलात भिजवलेला रुमाल त्यांच्या कमरेला खोचलेला असायचा. त्या कुठे आहेत हे दिसायच्या आधी वासानं कळायचं. मूलबाळ नव्हतं. माहेर सावनेरच्याही पलीकडे, डांबर संपल्यावर काळ्या मातीच्या रस्त्यानं आठ-दहा मैल आत. तिथे त्यांची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. मागच्या वेळी एस.टी.नं निघाल्या, तर निम्म्या वाटेतूनच उचलून दवाखान्यात आणावं लागलं. डॉक्टरांनी बस बंद केली. म्हातारीचा निरोप यायचा, 'पारबतेले एकदा पाहू द्या.' पार्बताबाई निरोप ऐकायच्या आणि तांदूळ निवडत बसायच्या.

म्हणून भाऊजींनी जीप नोंदवली. नवीच छोटी जीप निघाली होती तेव्हा. मोटारीचं पोट काळ्या मातीला टेकतं, जीपचं टेकत नाही, हे त्यांनी स्वतः मोजून आणलं होतं. नंबर लागायला वेळ लागला, आणि लागला तो एका मे महिन्यात. एजन्सीचं पत्र आलं, गाडी दोन प्रकारची आहे, फॉर्मवर खूण करून पंधरा दिवसांत पाठवा, नाहीतर नंबर पुढच्या माणसाला जाईल.

दोन प्रकारची. ते पत्र वाचून मी इतकी हसले की दाराला धरावं लागलं.

तेव्हाची मी कशी होते ते सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. वय सदतीस, अक्कल सतराची. रामदासपेठेत माझ्या थोरल्या जाऊबाई राहायच्या. त्यांच्या दारात मोटार होती, आणि मोटारीतून उतरताना त्या साडीच्या निऱ्या अशा काही धरायच्या की बघणाऱ्याला स्वतःच्या चपलांची लाज वाटावी. मला आयुष्यात एकदा, फक्त एकदा, त्यांच्या दारात गाडीतून उतरायचं होतं. नवऱ्याची सायकल होती. तेव्हा उरली शेजाऱ्याची जीप. मी घरात पाटावर उभी राहून निऱ्या धरून उतरण्याची तालीम केली होती. हे आमच्या ह्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

तर साध्या जीपला कापडी टप, मागे समोरासमोर दोन बाकं, बस. वरचीला पत्र्याचं छत, वरखाली होणाऱ्या काचा, मऊ सीटा, घड्याळ आणि हीटर. नागपुरात हीटर. भाऊजींनी त्या हीटरवर एक अख्खा दिवस विचार केला.

मी रोज सकाळी भिंतीवरून बजावायचे, "भाऊजी, वरचीच घ्या." कापडी टपाच्या गाडीतून उतरताना जाऊबाईंना काय दिसणार, भाजीबाजारातून आले असंच वाटणार. कारण अर्थात मी वेगळं सांगायचे. पत्र्याचं छत टिकतं, म्हणायचे.

"पण वरच्यात काय जास्त हाय?" ते म्हणायचे. आणि मी हीटरपासून सुरुवात करायचे.

आठव्या दिवशी त्यांनी गल्लीत चुन्याच्या फक्कीनं जीप काढली. मोजून, खरी तेवढी. चाकं कुठे, दार कुठे, सगळं. आत चार स्टुलं मांडली, चार कोपऱ्यांना बांबू रोवले आणि आधी वर चादर बांधली. आम्ही चौघं त्या जीपमध्ये जाऊन बसलो, चालवायला ते, शेजारी पार्बताबाई, मागे मी आणि आमचे हे. येणारेजाणारे विचारायचे, कुठे निघालात. हे म्हणाले, सावनेर. तेवढ्यात तलावाकडून वावटळ आली, चादर फुगली, आणि पार्बताबाईंना जो खोकला लागला तो रुमाल नाकाला धरूनही थांबेना.

मग न्हाणीवरचा पत्रा काढून बांबूंवर ठेवला. आम्ही पुन्हा बसलो. या खेपेला भाऊजी बाहेरच राहिले. टेप घेऊन चहूबाजूंनी फिरत होते, आमच्या ह्यांच्या टाळूपासून पत्र्यापर्यंत किती जागा उरते ते टिपून घेत होते. आत या की म्हटलं, तर म्हणाले, "बाहेरून नीट दिसून राहिलं." त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता. मेच्या उन्हात कोणाच्या निथळत नाही? मी तेव्हा पत्र्याखाली निऱ्या कशा दिसतात ते बघण्यात गुंग होते.

दिवस सरत चालले. भाऊजी जेवेनासे झाले. ग्राफच्या कागदावर दोन रकाने आखून भिंतीला लावले होते, त्यांच्यासमोर तासन्‌तास उभे. एका संध्याकाळी भिंतीपलीकडून पार्बताबाईंचा आवाज आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा चढलेला. "माही शपथ हाय तुमाले, कापडाचीच करा." मला वाटलं, बाईला गाड्यांतलं काही कळत नाही.

चौदाव्या दिवशी सकाळी भाऊजी पाकीट घेऊन आले. गल्लीतली टपालात टाकायची सगळी पत्रं माझ्याकडेच यायची, कारण आमच्या ह्यांच्या ऑफिसच्या दारातच टपालपेटी होती. आणि गल्लीतली सगळी पत्रं मी वाचायचे. लपवण्यात आता काय अर्थ. चहाच्या भांड्याच्या वाफेवर पाकीट धरायचं, गोंद ओला झाला की पाठीमागून सुरी फिरवायची. माझा हात त्यात बसलेला होता. त्या दिवशी तर पाकीट इतकं अलगद उघडलं की स्वतःचंच कौतुक वाटलं.

आत फॉर्म. 'साधी'समोर पेन्सिलीची खूण.

मला आधी राग आला, मग जाऊबाईंचा चेहरा आठवला. घरातला खोडरबर घेतला, खूण खोडली, आणि 'वरची'समोर निळ्या शाईनं अशी ठसठशीत खूण केली की एजन्सीवाल्याला दिव्याशिवाय दिसावी. पाकीट भाताच्या शितांनी चिकटवलं. ऑफिसला निघालेल्या ह्यांच्या पिशवीत टाकलं. आणि पाटावर चढून एकदा उतरून बघितलं.

दिवाळीच्या आधी गाडी आली. पत्र्याच्या छताची, पांढरी. अख्खी गल्ली गोळा झाली. भाऊजींनी तिच्याभोवती तीन चकरा मारल्या. छतावर हात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. पार्बताबाई त्यांच्याकडे बघत होत्या, गाडीकडे नाही. ते म्हणाले, "भेजली तशी भेजली. आता कोण वापस करते."

पहिली फेरी मी लाजलज्जा सोडून मागून घेतली. रामदासपेठ, दहा मिनिटांचा रस्ता. भाऊजींनी सगळ्या काचा खाली केल्या आणि तरी पाच वेळा गाडी थांबवून खाली उतरले. इंजन गरम होऊन राहिलं, म्हणायचे, आणि इंजिनाकडे न बघता आभाळाकडे बघत उभे राहायचे. माझा अंबाडा वाऱ्यानं सुटला. जाऊबाईंच्या दारात मी निऱ्या धरून उतरले, हुबेहूब तालमीसारखी. दाराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, चार दिवसांसाठी अमरावतीला गेल्यात.

त्यानंतरच्या आठवड्यात ते दोघं माहेरी जाऊन आले. एका दिवसात परतणार म्हणाले होते, तिसऱ्या दिवशी आले. मी पार्बताबाईंना विचारलं, एवढा उशीर कसा. त्या तांदूळ निवडत होत्या, पण त्या दिवशी हसून.

"दर दोन मैलाले उतरतात ना ते," त्या म्हणाल्या. "बंद छत सोसत नाही त्याइले. लगन झालं त्याच वर्षी खाणीत छत बसलं होतं. दोन दिवस आत होते. सोबतचा माणूस बाजूलेच मेला. तवापासून घरातबी दारात झोपतात. कोणाले सांगत नाही. म्हून मी शपथ घातली होती कापडाचीच घ्या, मी नाकाले पदर बांधीन. केलीबी होती त्याइनं खूण. एजन्सीवाल्यानं चूक केली, बाई."

पत्र्याखाली आम्हाला बसवून बाहेर टेप घेऊन फिरणारा माणूस माझ्या डोळ्यांसमोर आला. रामदासपेठेच्या वाटेवर पाच वेळा उतरलेला आला. मी पार्बताबाईंच्या सुपातले चार खडे वेचले आणि घरी आले. एजन्सीवाल्याच्या नावावर माझं पाप खपत होतं, मी खपू दिलं.

पार्बताबाईंना आई तीन वेळा भेटली. तिसऱ्या भेटीनंतर म्हातारी गेली. आणि पुढच्याच्या पुढच्या थंडीत, गाडी दारात असून, दवाखाना दहा मिनिटांवर असून, पार्बताबाई दम्यानं गेल्या. गाडीत मागच्या सीटवर माझ्या मांडीवर त्यांचं डोकं होतं. त्या दिवशी भाऊजींनी सगळ्या काचा बंद ठेवल्या आणि एकदाही गाडी थांबवली नाही.

त्यानंतर गाडी कुठे गेली नाही. कडुनिंबाखाली उभी असायची. भाऊजी चहाला यायचे, मी दिला तो चहा प्यायचे, काही विचारायचे नाहीत. ते मला सहन होईना. मी मुद्दाम म्हणायचे, आज वरचा आहे हं. ते मान हलवायचे.

मेच्या एका दुपारी मी वाळवण काढायला बाहेर आले, तर ते गाडीत बसलेले दिसले. सगळ्या काचा वर. बाहेर डोकं फुटेल असं ऊन, आणि आत हा माणूस डोळे मिटून, शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. माझ्या हातातून कुरड्यांची परात पडली. धावत जाऊन काच वाजवली. त्यांनी डोळे उघडले आणि दोन बोटं काच खाली केली.

आणि इतके दिवस पोटात ठेवलेलं तेच बाहेर पडलं. मी म्हटलं, "भाऊजी, ती खूण मी बदलली होती. एजन्सीवाल्यानं नाही."

"माहीत हाय," ते म्हणाले. "मी पेन्सिलीनं केली होती. गाडी आली तवा एजन्सीत फॉर्म पायला. निळी शाई."

"मी पाकीट वाफेवर..."

"काहून वाफेवर धरलं वैनी? गोंद तर मी लावलाच नव्हता."

मी त्या तापलेल्या पत्र्याला हात टेकून उभी राहिले. हात भाजला ते नंतर कळलं.

"पारबतानं शपथ घातली होती, कापडाचीच खूण करा म्हून," ते म्हणाले. "तिची शपथ मोडवत नव्हती. आन्‌ तिले धूळ खाऊ घालवत नव्हती. तुमाले वरचीच पाहिजे, हे अख्ख्या गल्लीले माहीत होतं. तुमी पाकिटं उघडता हेबी माहीत होतं. म्हटलं, जाऊ द्या पाकीट तुमच्या हातून."

मी पदर डोळ्यांना लावला. मग म्हटलं, झालं ते झालं, पण आता काचा तरी खाली करा, जीव घाबरेल तुमचा.

"घाबरते ना," ते म्हणाले. "रोज घाबरते."

दोन बोटं उघडलेल्या फटीतून आतली गरम हवा माझ्या तोंडावर येत होती, आणि त्या हवेत निलगिरीचा वास होता. अगदी पुसट. पार्बताबाई आतल्या खोलीत असाव्यात आणि दार लोटलेलं असावं, तेवढाच.

"वैनी, मी इचारत होतो ना, वरच्यात काय जास्त हाय. वास राह्यते. कापडाच्यातून कवाच उडून गेला असता."

मी आणखी काही म्हणणार होते. त्यांनी काचेच्या दांडीला हात घातला.

"लवकर बोला," ते म्हणाले, "जाऊन राहिला."

मी बाजूला झाले. त्यांनी काच वर केली.