लॉनीचा हॅम

वर्लिनने बंदूक स्वयंपाकघरातल्या टेबलावर आडवी ठेवली आणि खुर्चीत बसकण मारली. शाळेची बस चालवून चालवून त्याची कंबर कामातून गेली होती, आणि आता ही बंदूक उरलेला जीव खात होती.

"परत?" डेल्फाने सफरचंद सोलता सोलता विचारलं.

"परत काय परत? शनिवारी नेमबाजी आहे."

पाइन लिक गावात थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आधीच्या शनिवारी अग्निशामक केंद्राच्या आवारात नेमबाजी होते. प्रत्येकाच्या समोर एक पुठ्ठा, पुठ्ठ्यावर फुली, प्रत्येकाला एकच गोळी. फुलीच्या सगळ्यात जवळ ज्याचं भोक, त्याला अख्खा हॅम, म्हणजे डुकराची खारवलेली मांडी. गेली कित्येक वर्षं तो हॅम डेल्फाचा धाकटा भाऊ लॉनी जिंकत होता. त्याचंही वर्लिनला फारसं काही नव्हतं. पण लॉनी एकटा जीव, तो सणाला जेवायला यायचा वर्लिनकडेच. येताना हॅम घेऊन यायचा, वर्लिनच्याच टेबलावर, वर्लिनच्याच सुरीने कापायचा आणि एकेका तुकड्यागणिक आपल्या नेमाची हकीकत सांगायचा. वर्लिनला हॅम आवडायचा. त्या हकीकतीचा मात्र त्याला वीट आला होता. यंदा एकदा तरी सुरी आपल्या हातात हवी, एवढीच त्याची इच्छा होती.

लॉनीची बंदूक जुनी, दर गोळीला हाताने खटका ओढून भरावी लागणारी. वर्लिनची अर्धी स्वयंचलित. एक गोळी सुटली की दुसरी आपली आपण भरली जाते.

"भरते आपली आपण," लॉनी दरवर्षी म्हणायचा, "लागत मात्र नाही हो आपली आपण, दाजी!"

नवी नळी घ्यायची तर डेल्फाने घराबाहेर काढलं असतं. म्हणून वर्लिनने स्वस्तातले उपाय धरले. नळी घासूनपुसून लख्ख केली. पाच कंपन्यांच्या गोळ्या थोड्या थोड्या आणून बंदुकीला कुठली मानवते ते बघितलं. तिला एकही मानवली नाही. मग लिलावातून एक दुर्बीण आणून वर बसवली. ती इतकी स्वस्त होती की विकणाऱ्याने ती गुंडाळायला कागदसुद्धा दिला नाही. शेवटी बंदुकांच्या दुकानातल्या म्हाताऱ्याने निदान केलं, "लोखंड दस्त्यात हलतंय. मधे गोंद भर, घट्ट बसेल. पण आधी लोखंडाला मेण लाव, नाहीतर जन्मात सुटायची नाही."

वर्लिनने मेण लावलं. मन लावून लावलं, बोट पोचेल तिथे सगळीकडे लावलं. फक्त स्क्रूला लावायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी स्क्रू फिरेना. वर्लिनने जोर लावला तेव्हा स्क्रू-ड्रायव्हर फिरला आणि त्याचं मनगट फिरलं.

त्याने दुकानात फोन केला.

"डीप फ्रीजरमध्ये ठेव," म्हातारा म्हणाला. "लोखंड आकसतं. सुटली तर सुटली."

"आणि नाही सुटली तर?"

"तर थंड राहील."

फ्रीजर हरणाच्या मटणाने आणि डेल्फाने नेमबाजीच्या दिवशी विकायला केलेल्या ॲपल पायने गच्च भरलेला. बंदूक तिरकीही बसेना, म्हणून वर्लिनने सणाची टर्की बाहेर काढून मागच्या व्हरांड्यात ठेवली. रात्रभराचाच प्रश्न होता, आणि बाहेर थंडीही होती. ब्लू नावाचा आपला कुत्रा व्हरांड्यातच झोपतो, हे मात्र त्याच्या डोक्यात आलं नाही.

शनिवारी सकाळी डेल्फाने दार उघडलं. ब्लू कूस बदलायच्याही परिस्थितीत नव्हता. बाजूला हाडं होती.

"वर्लिन."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं वर्लिनला वाटलं.

"दुसरी आणू," तो म्हणाला.

"कशातून? त्या दुर्बिणीतून बघ पैसे कुठे दिसतात का. आता तो हॅम या घरात आला पाहिजे. कसा ते मला माहीत नाही."

बंदूक फ्रीजरमधून निघाली तशीच होती, एकजीव. वर्लिनने ती गाडीत टाकली आणि बोटं आखडली म्हणून हीटर लावला. बर्फासारख्या दुर्बिणीला ती ऊब लागली आणि काचा आतून धुरकटल्या. मैदानावर पोचल्यावर त्याने बाहेरून रुमालाने पुष्कळ पुसलं, पण धुकं आतल्या अंगाला होतं.

"दाजी, बंदुकीला सर्दी झाली का?" शेजारच्या जागेवरून लॉनीने विचारलं.

वर्लिनने बंदूक खांद्याला लावली. दुर्बिणीतून त्याला पांढुरक्या ठिपक्यांची एक रांग दिसत होती. त्यातला आपल्यासमोरचा वाटला तो त्याने धरला, श्वास रोखला आणि चाप ओढला. बंदूक जराही हलली नाही. आजवर ती कधी अशी सुटली नव्हती, आणि त्याला आतून बरं वाटलं.

बंबवाल्यांच्या प्रमुखाने पुठ्ठे आणले. वर्लिनचा पुठ्ठा कोरा करकरीत होता. लॉनीच्या पुठ्ठ्यावर दोन भोकं होती, एक डावीकडे जरा लांब आणि एक थेट फुलीच्या पोटात.

"मधलं माझं!" लॉनी ओरडला. "डावीकडचं दाजींचं असणार. दाजी, अहो, स्वतःचा पुठ्ठा तरी ओळखायचा!"

सगळं मैदान हसलं. वर्लिनने तोंड उघडलं, तेवढ्यात ॲपल पायच्या विक्रीचं टेबल सोडून आलेल्या डेल्फाने त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की शब्द आतच राहिला.

सणाच्या दिवशी लॉनीने हॅम आणला, सुरी घेतली आणि कापायला सुरुवात केली. "मी श्वास असा धरला, दाजी..." वर्लिन मान हलवत राहिला. हॅम उत्तम होता आणि त्याचंच त्याला जास्त वाईट वाटत होतं.

लॉनी गेल्यावर डेल्फा भांडी विसळायला उभी राहिली. वर्लिन पुसत होता.

"मधलं भोक तुझं होतं," ती म्हणाली.

वर्लिनच्या हातातली बशी थांबली. "तुला काय माहीत?"

"त्याला नेम धरायला मीच शिकवलंय. लहानपणापासून डावीकडेच मारतो. बाकीचे त्याच्याहून वाईट मारतात, म्हणून जिंकतो. यंदा मात्र एस्टिल न्हाव्याचं त्याच्याहून जवळ होतं."

"मग तेव्हा बोलली का नाहीस? एकदा तरी... इतक्या वर्षांत एकदा तरी, डेल्फा!"

"बोलून काय झालं असतं? दुसऱ्याच्या पुठ्ठ्यावर मारलंस म्हणून तू बाद. लॉनीचं डावीकडचं, म्हणून तोही गेला. हॅम एस्टिलच्या घरी." तिने शेवटचं ताट त्याच्या हातात दिलं. "आणि आपण आज त्या कुत्र्याच्या तोंडाकडे बघत बसलो असतो."

वर्लिनने ताट पुसलं. मग उरलेल्या हॅमवरचा कागद उघडला, सुरी घेतली आणि स्वतःच्या हाताने एक जाडसा तुकडा कापला.

"हं," डेल्फा नळ बंद करून खुर्चीत बसली. "आता सांग, श्वास कसा धरलास?"